धुराला जामीन

रिकाम्या घरात रोज जाऊन चूल पेटवायची, आणि तीही कुणाला ऊब मिळावी म्हणून नाही तर गावाला धूर दिसावा म्हणून, यापेक्षा मूर्ख काम मी उभ्या जन्मात केलेलं नाही. तरी ऑक्टोबरपासून करत होते. कारखान्यातून सुटले की गाडी चर्चच्या मागे लावायची, अनातोलबाबांच्या परसदारातून आत शिरायचं, काल रात्रीची राख काढायची, काटक्या रचायच्या, वर दोन ओंडके ठेवायचे आणि ते नीट धरेपर्यंत त्यांच्या खुर्चीत बसून राहायचं. मग उठून आपल्या घरी. माझ्या घरची चूल तोवर गारठलेली असायची. ती पेटवायचा मला कंटाळा यायचा, म्हणून मी सूप गरम करून अंथरुणातच प्यायची.

हे सगळं एका यादीपायी. आमच्या रूव्रेलला गावकीचं रान आहे. फ्रान्सच्या या लॉरेन भागातल्या बहुतेक गावांना असतं. रानातले सरळसोट बुंधे लिलावात जातात. शेंडे, फांद्या, वाकडीतिकडी झाडं गावातल्या घरांना जळणासाठी वाटून मिळतात. वाटा चुलीमागे एक. घरात माणसं किती, बँकेत पैसे किती, हे कुणी विचारत नाही. तुम्ही गावात राहता आणि तुमची चूल पेटते, एवढं पुरतं. हिवाळ्यात गावच्या कचेरीत चिठ्ठ्या निघतात आणि ज्याच्या नशिबी रानाचा जो तुकडा येईल तो त्याने तोडायचा. ते लाकूड विकायचं नाही, आपल्याच चुलीत घालायचं. तोडताना कुणी भलतं झाड पाडलं किंवा वाटणीत खोटेपणा केला, तर गावापुढे जबाबदार तीन जामीन. त्यातली एक मी. मला कुणी विचारलं नव्हतं. नवरा जामीन होता, तो वारला, आणि आडनाव तेच असल्यामुळे कचेरीतल्या कुणाला कागद बदलायची गरज वाटली नाही.

अनातोलबाबा माझे वडील नाहीत, नात्यातलेही नाहीत. आमच्या खुर्च्यांच्या कारखान्यात ते पाठीच्या दांड्या घडवायचे. मी सतरा वर्षांची तिथे झाडू मारायला लागले तेव्हा त्यांनी मला झाडू ठेवायला लावला आणि हातात फळी दिली. "हिला विचार, कुठून आलीस," म्हणाले. मला वाटलं म्हातारा चळलाय. तेव्हा ते म्हातारेही नव्हते. पण त्या दिवसापासून मी फळ्यांना हेच विचारत आलेय, आणि आता कारखान्याचं सगळं लाकूड मीच विकत घेते.

ऑक्टोबरात ते तळघराच्या पायऱ्यांवरून घसरले आणि खुब्याचं हाड मोडलं. शस्त्रक्रिया झाली, मग त्यांना शहरातल्या शुश्रूषागृहात हलवलं. मी पहिल्यांदा भेटायला गेले तेव्हा मला वाटलं होतं की ते दुखण्याबद्दल बोलतील.

"यादी कधी लागणार?" त्यांनी विचारलं.

"जानेवारीत. तुम्ही आधी सूप संपवा."

"सूप नाही ते, भांडी विसळल्याचं पाणी आहे. हे बघ पोरी, यंदा ती जिलोबाई यादी करणार. उपमहापौर झाल्यापासून तिला नियमांचा पुळका आलाय. धूर नाही तर वाटा नाही, असं म्हणत फिरते."

"म्हणू दे. यंदा नाही मिळाला वाटा तर पुढच्या वर्षी मिळेल."

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी उलटी धरलेली फळी त्यांना दाखवत होते. "यादीत नाव आहे तोवर ते माझं घर. नाव गेलं की नुसतं बांधकाम. कोरीन विकायला टपलीय. वाईट नाही माझी मुलगी, पण टपलीय. 'बाबा, गावानेच तुमची चूल बंद झाली म्हणून ठरवलंय,' असं तिला एकदा म्हणता आलं की मी इथून बाहेर पडत नाही. मी इथे मरेन, या पिवळ्या भिंतींत."

"मग मी काय करू म्हणता?"

"किल्ली आहे तुझ्याकडे. शेडमध्ये लाकूड आहे. पेटव रोज."

"अहो, रोज कशी पेटवू? दिवसभर उभी असते मी."

"तुझ्या वाटेवरच तर आहे घर."

"वाटेवर नाही. गावाच्या दुसऱ्या टोकाला आहे."

"मग चालत जा. थोडी बारीक होशील."

मी हो म्हटलं. थकलेलं माणूस वाद टाळायला हो म्हणतं आणि मग तीन महिने भोगतं.

शेडमधलं लाकूड पाहिलं तेव्हा मला वाईट वाटलं. मागच्या वर्षी त्यांच्या वाट्याला बीच जातीचं एक मोठं झाड आलं होतं. शेंडा वाळलेला, पण खालचा बुंधा दुधासारखा स्वच्छ, एक गाठ नाही. ऐंशी ओलांडलेल्या माणसाने ते हिवाळाभर थोडं थोडं फोडून भिंतीला लावून रचलं होतं. माझ्या टेबलावर असं लाकूड वर्षा दोन वर्षांत एकदा येतं. त्याच्यातून खुर्च्यांचे मागचे पाय निघाले असते, आणि ते कुठल्या टेकडीवर, कुणाच्या डोळ्यांदेखत वाढलं हे अख्ख्या गावाने शपथेवर सांगितलं असतं. पण गावकीचं जळण ते जळण. कारखान्याच्या दारात ते नेलं असतं तर अनातोलबाबांचा वाटा त्याच दिवशी गेला असता. म्हणून मी ते रोज दोन-दोन ओंडके करून रिकाम्या घरात जाळत होते आणि दिवसा कारखान्यात बसून बीचसाठी जगभर फोन करत होते.

डिसेंबरात कारखान्यात ट्रक आला. एका मोठ्या शहराने शाळांसाठी खुर्च्या मागवल्या होत्या आणि अट घातली होती की लाकूड सांभाळून तोडलेल्या रानातलंच हवं, तेही शक्यतो जवळच्या. अट चांगली होती. माझं काही म्हणणं नाही. फक्त जवळच्या रानातलं चांगलं बीच बंदरावर जाऊन बोटीत चढतं आणि आमच्यासारख्या छोट्यांना उरतं ते उरतं. हा पुरवठादार नवा होता. त्याचे कागद बघून डोळे निवले: रानाचं नाव, तोडणीचा परवाना, प्रमाणपत्राचा शिक्का, सगळं इथलंच, वोझ डोंगराच्या पलीकडचं.

मी फळ्यांच्या थप्पीभोवती फिरले. थप्पीत हवा खेळावी म्हणून फळ्यांमध्ये पातळ पट्ट्या घालतात. त्यातल्या तीन-चार पट्ट्यांवर खडूने काहीतरी लिहिलेलं होतं, आणि ती लिपी फ्रान्समधली नव्हती. युरोपच्या या अर्ध्या भागातली नव्हती.

मी ड्रायव्हरला दाखवलं. त्याने खांदे उडवले. "बाई, मी काल रात्री गोदामातून उचललं. त्याआधी ते कुठे होतं ते त्यालाच विचारा."

मी पुरवठादाराला फोन लावला. तो हसला. मोकळा, मनापासून हसला. "मादाम, कागद खरा आहे ना? शिक्का खरा आहे ना? मग तुम्ही पट्ट्या कशाला वाचत बसता?"

बर्त्रां, म्हणजे आमचा मालक, ऑफिसच्या दारात उभा होता. त्याच्या आजोबांनी कारखाना काढला. त्याला मी तीन चाकांच्या सायकलवर पाहिलंय, त्यामुळे मी त्याला अरेतुरे करते आणि तो मला घाबरतो.

"सोलांज," तो म्हणाला, "तू जर ट्रक परत पाठवलास तर सोमवारी यंत्रांवर घालायला काही नाही."

"ठाऊक आहे."

"लोकांना आठवडाभर घरी बसवावं लागेल. नाताळच्या तोंडावर."

"तेही ठाऊक आहे. मग घेऊ म्हणतोस?"

तो थप्पीकडे वळला. त्याचा चेहरा हल्ली बापासारखा दिसायला लागलाय, वयाच्या आधीच. "तूच सांग ना," म्हणाला. "दर वेळी तूच सांगतेस. मी कधी एकदा तरी सांगेन की घे म्हणून, आणि मग तू मला आयुष्यभर माफ करणार नाहीस."

मी ट्रक परत पाठवला. त्यात शौर्य वगैरे काही नव्हतं. ज्या माणसांना आठवडाभर घरी बसावं लागलं त्यांच्या बायका बेकरीत माझ्याशी बोलेनाशा झाल्या. आणि मला स्वतःलाही नक्की ठाऊक नव्हतं की मी एखादं जुनं डोंगरातलं रान वाचवलं, की तो ट्रक फक्त पुढच्या कारखान्याकडे वळवला. तो वळलाच असणार. या धंद्यात माणूस थकतो तो लाकडाने नाही, या न कळण्याने थकतो.

त्याच आठवड्यात पेट्रोल पंपावर देल्फीन भेटली. ती आणि तिची माणसं उन्हाळ्यात गावात आली, जुन्या शाळेच्या इमारतीत राहतात. नवरा लांब पल्ल्याचा ट्रक चालवतो, घरी दोन मुली. तिच्या हातात जळणाच्या प्लास्टिकच्या पिशव्या होत्या, आणि पिशवीवर छापलं होतं की हे लाकूड लॅटव्हियातून आलंय.

"रानाच्या मधोमध राहतेस आणि लाकूड पिशवीतून आणतेस?" मी म्हटलं.

"मग काय करू? त्या इमारतीत दुसरी सोयच नाही, एक ती शेगडी. यंदा यादीत अर्ज केलाय. सगळे म्हणतात नवीन माणसाचं नाव शेवटी येतं." तिने पिशव्या डिकीत टाकल्या. "बरं, तुमचे ते म्हातारेबाबा परत आले ना? मुली रोज शाळेतून येताना धूर बघतात. म्हणतात, आजोबा बरे झाले. मी त्यांच्यासाठी टार्ट पाठवणार होते."

"नको," मी म्हटलं. "त्यांना गोड चालत नाही."

आता अनातोलबाबा साखरेचे डबे पालथे घालणारे. घरी जाताना मला माझी इतकी लाज वाटली की गाडीतला रेडिओ मी बंद केला.

जानेवारीत एका संध्याकाळी मी चुलीपुढे बसले असताना परसदार वाजलं. रेमी होता, रानाचा सरकारी रखवालदार. आम्ही एका वर्गात होतो. त्याने बूट बाहेर काढले, ओल्या मोज्यांनी तसाच आत आला आणि चुलीला पाठ लावून उभा राहिला.

"छान ऊब आहे," म्हणाला. "कुणासाठी?"

"तुला विचारायचं असेल तर विचार."

"नाही विचारत. माझं काम झाडं बघणं. चुली बघायचं नाही." त्याने हात चोळले. "सोलांज, वरच्या बाजूची सगळी बीच गेली. सलग चार उन्हाळे कोरडे, कुणाला झेपतील? शेंड्याकडून मरतात आणि वारा नसताना फांदी खाली येते. परवा माझ्या पुढ्यात आली, मोटारीएवढी. मी तिथे कुणालाही करवत घेऊन पाठवणार नाही. उभीच मरू देणार. सुतारपक्ष्यांची तरी सोय होईल."

"मग वाटे?"

"खालच्या अंगाला ओक आणि हॉर्नबीमचे थोडे तुकडे काढलेत. चुलींपेक्षा कमी आहेत. ज्यांच्याकडे गॅस आहे त्यांनी आपणहून नाव काढून घ्यावं असं महापौर सांगणार. काही जण काढतील. तरी मी हिशेब केला, एक तुकडा कमी पडतो."

मी चुलीचं दार उघडून आत बघितलं. बघण्यासारखं काही नव्हतं.

"यादीत शेवटचं नाव शाळेतल्या त्या बाईचं आहे," तो म्हणाला.

"मला ठाऊक आहे कुणाचं आहे ते."

"मी काही बोलणार नाही. आपण सगळे म्हाताऱ्याचे देणेकरी आहोत. मला पहिली कुऱ्हाड धरायला त्यांनीच शिकवली." तो दाराशी जाऊन थांबला. "तू बरीच थकलेली दिसतेस. खरं सांगू, वाईट दिसतेस."

"तू कधी चांगला दिसलास?" मी म्हटलं. तो हसला आणि ओले मोजे तसेच बुटात कोंबून गेला.

मी उशिरापर्यंत बसून राहिले. अनातोलबाबा घरी येतील असं मला वाटत होतं का? डॉक्टर म्हणाले होते, वसंतात बघू. डॉक्टरांचं 'बघू' म्हणजे काय ते माझ्या नवऱ्याच्या वेळी मी शिकले होते. पण त्यांचा जीव त्या नावाला टांगलेला होता हेही खरं. मी जर ते नाव सोडलं, तर त्या पिवळ्या भिंतींत त्यांना धरून ठेवायला काही उरत नव्हतं. मला जे योग्य वाटत होतं ते मला अजिबात करायचं नव्हतं.

चिठ्ठ्यांच्या दिवशी कचेरीची खोली भरलेली होती. ओल्या कोटांचा वास, खिडकीत थर्मासमधली कॉफी, कुणीतरी आणलेला अंडं-चीजचा किश. महापौरांनी बीचची हकीकत सांगितली. गॅसवाल्यांनी थोडा वेळ जमिनीकडे बघितलं आणि मग एकेक करून हात वर केले. लुबेरने सर्वांत शेवटी, आणि त्याच्या बायकोने कोपर मारल्यावर. तरी रेमीने सांगितलं तसंच झालं. एक तुकडा कमी.

मादाम जिलोंनी चष्मा सारखा केला. मला वाटलं होतं त्या आता तलवार उपसतील. पण त्या नुसत्याच दमलेल्या दिसल्या. सकाळपासून लोकांनी त्यांचं डोकं खाल्लं असणार.

"अनातोल पेरेन," त्यांनी वाचलं. "हे गृहस्थ शहरात आहेत असं कानावर आलंय. पण घरातून धूर येतो असंही सगळे सांगतात. तेव्हा जामिनांनी सांगावं."

बाकीचे दोन जामीन भिंतीला टेकून उभे होते. गी, जो माझ्या नवऱ्याबरोबर शिकारीला जायचा, तो म्हणाला, "धूर येतो. मी रोज बघतो."

"मीही बघतो," दुसरा म्हणाला.

"आणि तुम्ही, सोलांज?" मादाम जिलोंनी पेन उचललं. "तुम्ही नुसतं हो म्हणा, मी लिहून टाकते. मला वाद नकोत. म्हातारा माणूस आहे."

तेव्हा मला कळलं की सगळ्यांना ठाऊक होतं. खोलीतल्या प्रत्येक जुन्या गावकऱ्याला. जिलोबाईंनासुद्धा. तीन महिने मी चर्चच्या मागे गाडी लपवत होते आणि अख्खं गाव माझ्या धुराकडे बघून 'राहू दे' म्हणत होतं. एक हो म्हटलं की झालं. शिक्का बसेल, आणि उद्या कुणी विचारलं तर कागद अगदी खरा असेल.

देल्फीन दाराशी उभी होती. तिने माझ्याकडे बघितलंही नाही. ती थर्मासमधून कॉफी ओतून घेत होती, फुकटची आहे तर घ्यावी अशी.

"धूर माझा आहे," मी म्हटलं.

"म्हणजे?"

"चूल त्यांची, पण काडी मी ओढते. घरात माणूस नाही. ऑक्टोबरपासून नाही. या हिवाळ्यात येणारही नाही. काढा नाव."

मग मागून कुणीतरी, बहुतेक लुबेर, पुटपुटला, "कारखान्यातल्या लोकांना घरी बसवून पोट भरलं नाही वाटतं." गी माझ्याकडे बघत होता. तो रागावलेला नव्हता. त्याला माझ्याबद्दल वाईट वाटत होतं, आणि ते मला जास्त झोंबलं. मादाम जिलोंनी नावावर रेघ मारली. रेघ मारताना त्यांचा हात जरा अडखळला, हे मला सांगायलाच हवं, कारण मी त्यांच्याबद्दल गावभर बरंच बोलले आहे.

बाहेर देल्फीनने मला गाठलं. "मला ठाऊक नव्हतं. मला तो वाटा नको. मी परत जाऊन सांगते."

"सांगू नकोस. आता नाही घेतलास तर मी उगाच तोंड काळं केलं असं होईल."

"पण ते आजोबा..."

"आजोबांचं मी बघते. तू ओक फोडायला शिक. ओला असतानाच फोडायचा, नाहीतर दगड होतो. आणि त्या प्लास्टिकच्या पिशव्या माझ्या डोळ्यांपुढे आणू नकोस." मी गाडीत बसले.

रविवारी शहरात गेले. गाडी लावून बराच वेळ आतच बसले. काय सांगायचं ते मी वाटेत पाठ केलं होतं, बीच मेली, वाटे कमी पडले, नाव गेलं, आणि त्यातला शब्दन्‌शब्द खरा होता.

अनातोलबाबा खिडकीपाशी खुर्चीत होते. कारखान्यातली नाही, शुश्रूषागृहातली, प्लायवूडची. त्यांनी आल्या दिवसापासून तिला नावं ठेवली होती. मी मिराबेल आलुबुखारांची बाटली टेबलावर ठेवली.

"पेटवलीस आज?" त्यांनी विचारलं.

ते रोजच्यासारखंच विचारत होते. आणि मी कचेरीत सगळ्यांसमोर जे केलं ते इथे करू शकले नाही.

"पेटवली," मी म्हटलं.

त्यांनी हात पुढे केला. मला वाटलं बाटली हवी असेल. त्यांनी माझा हात धरला आणि उलटा करून उजेडात नेला, नखांशी, बोटांच्या बेचक्यात बघितलं.

"हात धुवून आलीस?"

"नाही."

"मग पेटवली नाहीस. काजळी कुठाय?" त्यांनी हात सोडला नाही. "नाव गेलं."

"गेलं."

"त्या जिलोबाईने घालवलं ना? मला ठाऊक होतं. पहिल्यापासून तिच्या मनात होतं."

हो म्हणायला एवढी सोपी वेळ माझ्या आयुष्यात आली नव्हती. त्यांनी उत्तर करून माझ्या हातात ठेवलं होतं.

"तिने नाही," मी म्हटलं. "ती लिहायला तयार होती. मी घालवलं. मी सांगितलं की घरात कुणी नाही."

त्यांनी माझा हात हळूच आपल्या मांडीवरून काढून माझ्या मांडीवर ठेवला. बाहेर पार्किंगमध्ये कुणीतरी गाडी मागे घेत होतं, तिची शीळ वाजत राहिली. मी शाळेतल्या मुलींचं सांगितलं, शेगडीचं सांगितलं. त्यांना ऐकू येत होतं की नाही कळेना.

"तिने घालवलं असतं तर बरं झालं असतं," शेवटी ते म्हणाले. आवाज अगदी लहान झाला होता. "तिला शिव्या घातल्या असत्या. रोज उठून घातल्या असत्या, मरेपर्यंत पुरल्या असत्या. आता कुणाला घालू, पोरी? मला सांग ना. कुणाला घालू?"

"मला घाला."

"तुला कशा घालू?"

"घाला. मी कुठे जात नाहीये."

मग त्यांनी सुरुवात केली. पहिली शिवी कशीबशी आली, अर्धी घशातच राहिली. दुसरी जरा बरी होती. मग एकेक करून जुन्या कारखान्यातल्या यायला लागल्या, लेथवरच्या माणसांच्या, ज्या मी चाळीस वर्षांत ऐकल्या नव्हत्या. त्यांनी मला घातल्या, कारखान्याला घातल्या, रानाला, उन्हाळ्यांना, माझ्या नवऱ्यालाही मधे ओढलं, त्या बिचाऱ्याचा काय संबंध. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायचंही त्यांना सुचत नव्हतं. नर्स दारात आली. मी मान हलवली तशी तिने दार ओढून घेतलं. मी तशीच बसून ऐकत राहिले.